माणिक चौकाजवळची जुनी दगडी इमारत पाडायलेत, निदान मोजून तरी ठेवूया का?

चाटीगल्लीकर | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, काल संध्याकाळी आपल्या सोलापुरात माणिक चौकातून दत्त चौकाकडे निघालो होतो. ज्या इमारतीत आमच्या आजोबांचं सुताचं दुकान होतं, तिच्या दर्शनी भागावर हिरवी जाळी चढलेली दिसली. समोरच्या चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, "पुढच्या महिन्यात पाडायलेत मालक. कपड्याचं मोठं शोरूम येणार हाय. खाली तळघर, वर तीन मजले."

त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या लोकांनाही ती इमारत चटकन आठवायची नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दगडातच चार दुकानगाळे. मधोमध दिंडीचा दरवाजा, आत छोटा चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंनी राहण्याच्या खोल्या. वर लाकडी सज्जा, त्याला नक्षीचे कंस. दरवाजाच्या चौकटीवर गणपती आणि त्याखाली दगडात कोरलेला शक. त्यातलं "शके अठराशे" एवढंच वाचता येतं, पुढचे आकडे झिजलेत.

माझं लहानपण त्या चौकात गेलं. आजोबा पूर्वभागातल्या मागवाल्यांना सूत पुरवायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चौकातल्या ओसरीवर आडवे व्हायचे. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असायचं आणि आत पंखा नसतानाही झोप लागायची. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, वेळी आम्ही पोरं वरच्या सज्जात पहाटेपासून जागा धरायचो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वज पेलत खालून जायची, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर व्हायचा आणि सज्जाच्या फळ्या पायाखाली थरथरायच्या.

इमारत आमची नाही. आम्ही भाडेकरू होतो आणि १९९४ मध्ये दुकान बंद करून निघालो. त्यामुळे "पाडू नका" म्हणायचा मला किती अधिकार आहे, हे मलाच ठरवता येत नाहीये. दोन गोष्टी विचारतो. एक, हे थांबवण्याचा काही कायदेशीर मार्ग आहे का? दुसरी, थांबणार नसेल तर पाडण्याआधी इमारतीची मोजणी करून, फोटो घेऊन, नकाशा काढून ठेवायला कोण येईल?

---

बाळीवेस | रविवार, रात्री १०.०५

वाचून पोटात कालवलं. त्या दिंडीतून आत गेलं की डाव्या हाताला हौद होता ना? आमची मावशी तिथं राहायची.

---

चाटीगल्लीकर | रविवार, रात्री १०.११

हो, डावीकडेच. आता बुजवलाय, वर फरशी आहे.

---

जुळेसोलापूर | रविवार, रात्री ११.२०

दादा, तुमच्या आठवणींचा मान राखून वेगळं मत मांडतो. मी २६ वर्षांचा आहे. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पुण्याला गेली, उरलेली जायच्या तयारीत आहेत. सोलापुरात काम नाही हे आपण सगळेच म्हणतो. एवढं मोठं शोरूम आलं तर पन्नासेक पोरापोरींना काम मिळेल, तेही भर पेठेत, बसच्या अंतरावर. सगळी नवी दुकानं होटगी रोडला आणि विजापूर रोडला गेली तर जुनी पेठ कोण जगवणार? रिकामी पडकी इमारत बघायला गिऱ्हाईक येत नाही.

---

पेठकरीण | सोमवार, सकाळी ७.१५

रिकामी नाहीये रे बाळा. मागच्या बाजूला अजून दोन कुटुंबं राहतात. त्यातली एक आजी ऐंशीच्या पुढे आहे, तिचं लग्न होऊन ती त्याच दिंडीतून आत आली. कामाचं म्हणतोस ते खरं आहे, पण आधी त्या दोन घरांचं काय ते ठरू दे.

---

कडीपाट | सोमवार, सकाळी ९.३०

मी स्थापत्य अभियंता आहे, जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीची कामं करतो. ही इमारत चारेक वर्षांपूर्वी एकदा आतून पाहिली होती, म्हणून लिहितो.

पुढचा भाग, म्हणजे दगडी गाळे आणि त्यावरचा मजला, त्या वेळी धडधाकट होता. भिंती अडीच फुटांच्या, बाहेरून घडीव दगड, आत गोटे आणि चुना. तुळया सागाच्या. मागचा भाग मात्र वाईट होता, आणि तो तसा का झाला ते सांगणं गरजेचं वाटतं. "जुनी झाली म्हणून पडायला आली" असं म्हणायची आपल्याला सवय आहे, पण नुसत्या वयानं इमारत पडत नाही.

मागे माळवद आहे, म्हणजे मातीचं सपाट छत. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन (लाकडाच्या बारीक पट्ट्या), वर चिकणमातीचा थर. पावसाळ्याआधी त्या मातीची डागडुजी करायची रीत होती. रीत अशी की गळेल तिथली जुनी माती काढायची आणि नवी घालायची. नंतर लोकांनी काढायचं सोडलं आणि नुसती घालत राहिले. दरवर्षी दोन-तीन बोटं माती चढली की वीस-पंचवीस वर्षांत तुळयांवर मूळच्या दुप्पट वजन येतं. त्यावर कुणीतरी सिमेंटचा कोबा केला आणि कोब्यावर पाण्याची टाकी ठेवली.

दुसरं कारण सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. तिला सिमेंटनं बंद केलं की ओल आतच कोंडते. चुना भुसभुशीत होतो आणि तुळईचं जे टोक भिंतीत असतं ते कुजतं. बाहेरून गिलावा नवाकोरा दिसतो आणि आत टोक पीठ झालेलं असतं. त्या इमारतीत निदान तीन तुळयांची टोकं अशी गेलेली मी हातानं तपासली होती. त्यात मागच्या भिंतीत पिंपळ.

हे सगळं दुरुस्त होतं. कुजलेलं टोक कापून नवा तुकडा जोडता येतो, खालून आधार देता येतो, माती उतरवून वजन कमी करता येतं. फुकट होत नाही, आणि चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. पण पुढचा भाग पाडण्याचं बांधकामाच्या दृष्टीनं कारण त्या वेळी तरी मला दिसलं नव्हतं.

---

वेशीबाहेरचा | सोमवार, दुपारी १.१०

असं ऐकलंय की १९३० च्या मार्शल लॉच्या (लष्करी अंमलाच्या) वेळी चळवळीतली माणसं या वाड्यात लपली होती. ते पुढं आणलं तर स्मारक म्हणून वाचेल. कुणाकडे माहिती आहे का?

---

पेठकरीण | सोमवार, दुपारी २.००

ऐकीव असेल तर कृपा करून लिहू नका. मे १९३० मध्ये या गावानं काय सोसलं ते आपल्याला माहीत आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या नावाशी कागद नसलेली गोष्ट जोडणं मला पटत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. आणि इमारत वाचवायला ती हुतात्म्यांचीच असायला पाहिजे का? व्यापाऱ्यांची होती, सुताची होती, भाडेकरूंची होती. सोलापूर तसंच तर उभं राहिलं.

---

वेशीबाहेरचा | सोमवार, दुपारी २.२५

बरोबर आहे ताई. तो मुद्दा मागे घेतो.

---

पूर्वभाग | सोमवार, सायंकाळी ६.४५

आमचं घर अशोक चौकाच्या बाजूला. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आजोबांचे चार हातमाग होते, पुढं वडिलांनी यंत्रमाग घेतले. या इमारतीतल्या गाळ्यांतून आम्ही सूत आणायचो. चाटीगल्लीकर दादांच्या आजोबांकडून आणलं असेल तर नवल नाही.

लोकांना सोलापुरी चादर दिसते. तिच्यामागची साखळी कधी कुणी बघितली नाही. सूत पेठेतून यायचं, उधारीवर. रंगायला जायचं, मग मागावर चढायचं, चादर तयार झाली की परत पेठेत. जुनी मिल १८७७ ची. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले. गिरण्यांचा इतिहास निदान लिहिला गेला. सुताच्या या पेढ्यांचा कुणी लिहिला? वडील सांगतात, त्या गाळ्यात गादीवर बसून हिशेब व्हायचा आणि मुनीमजी चौघांशी चार भाषांत बोलायचे. मराठी, कन्नड, तेलुगू, मारवाडी. तो गाळा आता सपाट होणार.

मोजायला मी येतो. रविवारी माग बंद असतात.

---

हिस्सेदार | सोमवार, रात्री १०.५०

हा धागा मला नात्यातल्या एकानं पाठवला. इमारत आमच्या कुटुंबाची आहे, आठ हिश्शांपैकी एक माझ्या आईचा. नाव लिहीत नाही, पण आमची बाजूही वाचा.

चार गाळ्यांचं आणि मागच्या खोल्यांचं मिळून महिन्याला जे भाडं येतं त्यात एक गवंडी आठवडाभर लावता येत नाही. एका गाळ्याचं भाडं आजही ८५ रुपये आहे. मालमत्ता कर त्याच्या कितीतरी पट. आठ हिस्सेदारांतले तीन पुण्यात, दोन हैदराबादला, एक वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंद बाकी. दुरुस्तीसाठी पैसे काढा म्हटलं की प्रत्येकजण म्हणतो, माझा हिस्सा विकून टाका. २०११ मध्ये माझ्या वडिलांनी स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीतून छताचं काम करून घेतलं होतं. वर कडीपाट यांनी ज्या कोब्याबद्दल लिहिलंय, तो त्यांनीच घातलेला. ठेकेदार म्हणाला होता की आता शंभर वर्षं बघायला नको. आज कळलं की त्यानंच नुकसान झालं. वडील आता नाहीत. त्यांनी चांगल्याच मनानं केलं होतं.

पावसाळ्यात रात्री फोन वाजला की आईला धस्स होतं. मागची भिंत त्या आजींच्या अंगावर पडली तर आम्ही कुठं तोंड दाखवणार? विकायचा निर्णय आनंदानं घेतलेला नाही.

---

चाटीगल्लीकर | सोमवार, रात्री ११.३०

हिस्सेदार, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो. भाडं घ्यायला स्वतः यायचे, कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. आम्ही भाडेकरूंनीही छताला कधी हात लावला नाही, मालकाचं काम म्हणून सोडून दिलं. असंच तुटपुंजं भाडं आम्हीही चाळीस वर्षं देत राहिलो. हे मला मान्य करायलाच हवं.

---

कडीपाट | मंगळवार, सकाळी ८.४०

हिस्सेदार, कोब्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. त्या काळात गावातल्या दहातल्या नऊ माळवदांवर तेच झालं. आम्हा अभियंत्यांनीच तसा सल्ला दिला.

---

कोर्टपायरी | मंगळवार, दुपारी १२.१५

वकील नाही, पण भाडेकरू म्हणून चौदा वर्षं दावा लढलोय, त्यामुळे काही गोष्टी पाठ झाल्यात. त्या आजींसाठी लिहितो.

मालकाला इमारत पाडून नवी बांधायला ताबा हवा असेल तर ते कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ मध्ये आहे. पण नुसतं "पाडायचंय" म्हणून चालत नाही. नकाशे मंजूर असावे लागतात, पैशांची तयारी दाखवावी लागते आणि भाडेकरूला नव्या इमारतीत जागा देण्याची बाब न्यायालय बघतं.

दुसरा रस्ता महापालिकेच्या नोटिशीचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त मोडकळीला आलेली इमारत उतरवायला सांगू शकतात. धोकादायक इमारतींचे वर्ग असतात. सी-१ म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची, सी-३ म्हणजे किरकोळ काम. नोटिशीवर कोणता वर्ग लिहिलाय ते आधी बघा. बऱ्याच जणांना वाटतं की इमारत पडली म्हणजे भाडेकरूचा हक्क गेला. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलंय की इमारत पाडली म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही. ताबा सोडण्याआधी आजींच्या घरच्यांनी खोल्यांचं मोजमाप लेखी घ्यावं. त्यासाठीसुद्धा चाटीगल्लीकरांचा नकाशा कामाला येईल.

---

हिस्सेदार | मंगळवार, दुपारी ३.३०

नोटीस फक्त मागच्या भागाला आहे. सी-१. पुढच्या भागाला नाही. दोन्ही कुटुंबांशी लेखी करार झालाय, नव्या इमारतीत नको म्हणाले, त्याऐवजी त्यांना दुसरीकडे घरं घेऊन दिली आहेत. आजींचं घर तळमजल्यावर आहे, हे आईनं मुद्दाम बघितलं.

---

पेठकरीण | मंगळवार, दुपारी ३.५०

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

---

नगररचना_निवृत्त | मंगळवार, सायंकाळी ७.१०

मूळ प्रश्न होता थांबवण्याच्या मार्गाचा. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत असती तर फेरफाराआधी वारसा समितीचं मत घ्यावं लागलं असतं. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत श्रेणी १, २ आणि ३ अशी प्रतवारी आहे. श्रेणी १ ला जवळजवळ हात लावता येत नाही, श्रेणी ३ मध्ये बरेच बदल चालतात. यादीतल्या मालकाचा जो बांधकाम हक्क वाया जातो त्याच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क, मिळण्याची सोयही आहे. ही इमारत यादीत नाही, मी आज खात्री करून घेतली. मंजुरी मिळाल्यावर यादीत घालण्याची धडपड करणं मालकावर अन्याय होईल, असं माझं प्रामाणिक मत आहे. ते काम दहा वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं, आणि मी त्याच खात्यात असताना ते केलं नाही.

पण दोन गोष्टी अजून हातात आहेत. पहिली तळघराची. शेजारच्या वाड्यांशी भिंती सामाईक आहेत आणि त्यांचे पाये चार-पाच फुटांपेक्षा खोल नाहीत. तिथं बारा फूट खणलं तर शेजारचे दोन वाडे धोक्यात येतील. खणण्याआधी शेजाऱ्यांच्या भिंतींची पाहणी आणि टेकूंची योजना मागून घ्या. दुसरी, खरेदीदारांना कुणी प्रत्यक्ष भेटलं आहे का? सगळे त्यांच्याबद्दल बोलताहेत, त्यांच्याशी कुणी बोललेलं नाही. आपल्याच गावात अप्पासाहेब वारदांचं इंद्रभुवन महापालिकेचं कार्यालय झालं. डॉ. कोटणीसांचं घर स्मारक झालं. राहती घरं दुसऱ्या कामाला लागू शकतात. कपड्याचं दुकान तर त्या गाळ्यांचं मूळचंच काम.

---

जुळेसोलापूर | मंगळवार, रात्री ९.००

हे मला सुचलंच नव्हतं. मी एका शोरूममध्येच कामाला आहे. दर्शनी भाग दगडाचा ठेवला आणि मागे नवं बांधलं तर दुकानाचं काही बिघडत नाही. उलट काचेच्या दर्शनी भागाला पश्चिमेचं ऊन आलं की दुपारभर वातानुकूलनाला दम निघतो, बिल मी बघतो ना. खरेदीदारांकडे यायला मी तयार आहे.

---

बाळीवेस | बुधवार, सकाळी १०.३०

सागाचं काय होणार? पाडकामाचा ठेका देताना माल ठेकेदाराचाच असतो. जुन्या लाकडाचे व्यापारी घनफुटावर उचलतात आणि आठवड्यात ते कुठल्या तरी बंगल्याच्या दारात जातं.

---

चाटीगल्लीकर | शुक्रवार, रात्री १०.१५

आज आम्ही चौघं खरेदीदारांना भेटलो. हिस्सेदारांनीच भेट ठरवून दिली. तास-दीड तास बसलो. कडीपाटांनी पुढच्या भागाचा कच्चा आराखडा नेला होता. दगडी गाळे आणि सज्जा तसेच ठेवायचे, मागे नवी चौकट उभी करायची, तळघर फक्त मागच्या भागाखाली आणि सामाईक भिंतींपासून अंतर सोडून.

पूर्ण होकार मिळालेला नाही. वरचा मजला आणि सज्जा जाणार, कारण त्यांना आत छताची उंची हवी आहे. चार गाळ्यांची दगडी कमान मात्र ठेवायला ते तयार झाले, वास्तुविशारदाला तसे बदल करायला सांगतो म्हणाले. तळघराचं अंतरही मान्य केलं. शेजाऱ्यांनी तीच मागणी लेखी दिली होती, त्याचा उपयोग झाला. मला सज्जा वाचवायचा होता. तो वाचला नाही. घरी येऊन जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी सातला मोजणी. दोन तीस मीटरच्या फिती, ओळंबा, बॅटरी, जाड बुटांत या. मागच्या भागात कुणीही वर चढायचं नाही, तिथलं फक्त बाहेरून.

---

चाटीगल्लीकर | रविवार, रात्री ९.२०

अकरा जण आले. पूर्वभाग त्यांच्या वडिलांना घेऊन आले. पेठकरीण ताईंनी भाकरी, शेंगाचटणी आणि दही आणलं. जुळेसोलापूर आणि त्याच्या दोन मित्रांनी सगळी मोजमापं लिहून घेतली.

दर्शनी लांबी अठ्ठेचाळीस फूट. गाळे चार, कमानी चार, पण एकीची रुंदी दुसरीसारखी नाही. दिंडीच्या चौकटीची उंची सहा फूट दोन इंच. वरच्या मजल्याला नऊ खण. सज्जाचे कंस चौदा, त्यातले अकरा मूळचे, तीन नंतर कुणीतरी साध्या लाकडात बसवलेले. प्रत्येक कंसाचा वेगळा फोटो घेतलाय. माजघराच्या भिंतीत बळद (धान्य साठवायची पोकळी) निघालं, तोंड विटांनी बंद केलेलं, आत काही नव्हतं.

आमच्या गाळ्याच्या आतल्या दाराच्या पाठीमागे गेरूच्या रेघा आहेत. चार उभ्या, एक आडवी, अशा पाच-पाचच्या जुड्या. पूर्वभागच्या वडिलांनी बघितल्याबरोबर सांगितलं, हे सुताच्या गाठोड्यांचं मोजमाप, रोज गाडी उतरली की दारावर मांडायचे आणि रात्री वहीत उतरवून घ्यायचे. कोपऱ्यात एक मांडणी तशीच राहिलीय, सदतीस. पुसलेली नाही.

हिस्सेदारांच्या आईनं ते दार आणि सज्जाचे अकरा कंस ठेक्यातून वगळायला लावलेत. दार गुरुवारी उतरवायचंय. भारी आहे, सहा माणसं लागतील. टेम्पो ठरला आहे, ठेवायची जागा तूर्तास पूर्वभाग यांच्या कारखान्यात. सकाळी आठच्या आत या, नंतर त्या रस्त्यात गाडी उभी करता येत नाही.

---

जुळेसोलापूर | रविवार, रात्री ९.३५

मी आणि माझे दोन मित्र. तीन झाले.

---

पूर्वभाग | रविवार, रात्री ९.५०

मी आणि धाकटा भाऊ. वडील येणारच म्हणतात, त्यांना उचलू देणार नाही.